मुक्या बाबाचा पूल

रातपाळीची लाईट यायला अवकाश होता. मोटारीच्या खोलीपुढं पोती अंथरून चौघं पोरं बसली होती. लालासाहेब आण्णा भिंतीला पाठ टेकून अंधाराकडं बघत होते. नदीपलीकडं कुरणवाडीच्या चर्चवर लायटिंगच्या माळा चमकत होत्या. नुकतीच तिथली घंटा वाजून थांबली होती.

"आण्णा, लाईट आली की मोटार चालू करतो आन् पल्याड सण बघून येतो," एक जण म्हणाला. "पुलावरनं किती लांब हाय?"

"जावा की. पर पुलाच्या तोंडाला कुणी हात केला तर गाडी हुबी करू नगा."

"का? भूत हाय व्हय?"

पोरं हसली. आण्णा हसले नाहीत.

"माझ्या भनीचा जयराज तुमाला ठाव हाय. पिकअपवाला. त्याला तुमी बोबडा म्हंता. तो जन्माचा बोबडा न्हाई. त्याची जीभ त्या पुलावर तुटली."

पोरं जरा जवळ सरकली. आण्णांची उमेदीची वर्षं फौजेत गेलेली. एरवी आपल्यासारखंच बोलणारा माणूस, पण काही सांगायला बसला की साहेबापुढं रिपोर्ट द्यावा तशी त्यांची भाषा सरळ व्हायची. त्यांनी सांगितलं ते असं.

पल्याडच्या चर्चमधला संत कोण, ते आधी कळायला पाहिजे. त्याचं खरं नाव संत योहान नेपोमुक. सातासमुद्रापलीकडचा पाद्री. तिथली राणी त्याच्यापाशी आपल्या पापांची कबुली द्यायची. ख्रिस्ती लोकांत असं असतं, की कबुलीत ऐकलेलं फादरनं जीव गेला तरी बाहेर काढायचं नाही. राजाच्या मनात संशय शिरला. त्यानं विचारलं, राणी तुला काय सांगते? हा गप्प. धमकावलं, गप्प. पलित्यानं भाजलं, तरी गप्प. शेवटी रात्री हातपाय बांधून त्याला पुलावरून नदीत टाकला. जिथं तो बुडाला तिथं पाण्यावर पाच तारे दिसले म्हणतात. म्हणून पूर आला की लोक त्याचा धावा करतात. कुरणवाडीच्या मूर्तीचं एक बोट ओठांवर आहे. आपल्या बायाबापड्यांच्या तोंडात नेपोमुक बसेना, त्यांनी नाव ठेवलं मुका बाबा. पुलालाही तेच नाव पडलं.

एकोणीस सालच्या महापुरात तिथं फादर अल्बान होते. म्हातारा, काटकुळा माणूस. कुणाच्याही चुलीपुढं बसून भाकरी खायचा. चर्चच्या मागं मार्कस राहायचा. ट्रॅक्टर चालवायचा आणि बायकोला मारायचा. पिऊन मारणाऱ्याची सकाळी तरी उतरते. हा पीत नव्हता, त्यामुळं त्याची कधी उतरायचीच नाही. बायको अंजना. पोरगी रोझी, चौथीत. पाणी चढत होतं तेव्हा एका संध्याकाळी अंजना कबुलीला गेली, आणि थोड्या वेळानं जयराजला फादरचा फोन आला.

"गाडी घेऊन ये. दोन माणसं सोडायची आहेत. कुठं सोडलीस ते मलासुद्धा सांगू नकोस."

जयराजनं मायलेकीला सांगलीत विश्रामबागला नेलं. तिथं पद्मावतीकाकू राहायच्या. जैन बाई, हळदीच्या व्यापाऱ्याची विधवा. मालक असताना जयराज त्यांची पोती वाहायचा. काकूंनी अंजनाच्या सुजलेल्या डोळ्याकडं बघितलं आणि मागची खोली उघडून दिली. एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या रात्री पाणी पुलाला लागलं. फादर अल्बान वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून पूल ओलांडून आणत होते. तिथं मार्कसनं त्यांना गाठलं. काठावरची माणसं बघत होती. त्यानं फादरची गळपट्टी धरली होती आणि तो ओरडत होता, "काय सांगितलं तिनं? कुठं हाय ती?" फादर त्याच्याकडं नुसते बघत राहिले. मग लोंढा आला.

पूर ओसरल्यावर फादर खालच्या बंधाऱ्याला सापडले. मार्कस सापडलाच नाही.

म्हणून अंजना लपूनच राहिली. प्रेत बघितल्याशिवाय नवरा मेला असं ती धरेना. ती कुठं आहे हे एकट्या जयराजला ठाऊक. त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता त्या रात्रीचं. दोन हजार चोवीस साल, मे महिन्याची पंधरा तारीख, बुधवार. वैशाखातली अष्टमी. सोळाला मुक्या बाबाचा सण. पुराच्या पाण्यानं मूर्तीचं लाकूड फुगलं होतं, रंग सुटला होता, ती सांगलीत आकाराम रंगाऱ्याकडं दिली होती. नव्या फादरनी जयराजला सांगितलं, आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला मूर्ती जागेवर पाहिजे.

जयराज दुपारीच जाऊन बसला. पण आकाराम मूर्तीला हात लावू देईना.

"रंग वला हाय. बोटाचा सांधा आत्ता भरलाय. वाटंत निखळलं तर मला बोल लागंल."

"आरं, तिकडं मानसं वाट बघत्यात."

"बघू द्या की. ह्यो कुटं बोलतोय, उशीर का केला म्हनून?"

दोघं हसले. दिवस मावळला तेव्हा मूर्ती गोधड्यांत गुंडाळून पिकअपच्या हौद्यात आडवी ठेवली, दोर आवळले, वर ताडपत्री टाकली. जयराज निघाला. मार्केट यार्डापाशी ट्रकांची रांग, पुढं उसाच्या शेतातला अंधार. खिडकीतून गरम वारा लागत होता. गाणी ऐकत, मजेत चालला होता.

पुलाच्या तोंडाशी आला तेव्हा चंद्र अर्धा वर होता. नदी आटलेली. मधे कुठंतरी पाण्याचा पट्टा, बाकी सगळं वाळवंट. पलीकडच्या काठावर पाच दिवे लावलेले. दर सालची रीत, पाच ताऱ्यांचे पाच दिवे. दगडी कठड्याशी एक माणूस उभा. डोक्यावरून टॉवेल घेतलेला. त्यानं हात केला.

"पल्याड सोडा गड्या. सनाला चाललोय."

"या, बसा."

माणूस चढला. दार लावलं. जयराजनं गिअर टाकला, तेव्हा त्याला वास आला. गाळाचा. पूर ओसरल्यावर घराघरातून आठवडाभर यायचा तो. त्यानं बाजूला बघितलं. टॉवेलातून पाणी ठिबकत होतं.

"भिजलासा कुटं?"

"नदीत."

नदीत गुडघाभर पाणी नव्हतं.

गाडी पुलाच्या मधोमध आली आणि बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही. दिवा विझावा तशी. जयराजनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.

"पाठीमागं काय हाय?" माणसानं विचारलं.

"मूर्ती. मुक्या बाबाची."

"त्यो न्हाई सांगत कुणाला काय." माणूस थोडा वळला. "तुमी सांगशिला."

"काय सांगू?"

"तिला कुटं सोडलं ते."

जयराजच्या हातातली किल्ली तशीच राहिली. टॉवेलाआड तोंड दिसत नव्हतं. पण आवाज ओळखीचा होता. ह्या आवाजानं कितीदा त्याला हाक मारली होती, ट्रॅक्टरवरून, लांबून.

"म्हाताऱ्याला इचारलं. त्यो बोलला न्हाई. मग मला कळलं. त्याला ठावच नव्हतं. ठाव तुला हाय."

जयराजनं पुन्हा किल्ली फिरवली.

पायाला गार लागलं. खाली बघितलं. केबिनमध्ये पाणी आलं होतं. घोट्यापर्यंत. आणि आता त्याला आवाजही ऐकू आला... भरल्या नदीचा, पुलाला घासून जाणारा. काचेतून बाहेर बघितलं. कठडा दिसत नव्हता. काळं पाणी, आणि त्यावर चंद्राचे तुकडे.

"सांग."

गप्प.

पाणी गुडघ्याला आलं. त्यानं दाराची कडी ओढली. दार हललं नाही. बाहेरून पाण्यानं दाबून धरलं होतं.

"माझी बायकू. माझी पोर. तू कोन रं मधी?"

पाणी कमरेला लागलं. गार. असं गार, की श्वास अर्धासुद्धा आत जाईना. माणूस मात्र तसाच बसलेला. पाणी त्याच्या छातीला लागलं तरी त्याचा आवाज तेवढाच. हळू. समजुतीचा.

"येक शब्द सांग. मी उतरतो."

जयराज भेकड नव्हता. पण त्याची दोन लेकरं घरी होती. पाणी गळ्याला आलं तेव्हा त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"वि..."

पाणी उतरलं. खरंच उतरलं. छातीवर आलं. जयराजला हुंदका फुटला. त्यानं दात आवळून घेतले.

"वि..." माणूस म्हणाला. जिभेवर घोळवल्यासारखं. "वि... विटा?"

जयराज समोर बघत राहिला. पाणी वर आलं.

"विजापूर?"

पाणी आणखी वर.

नुसता पाण्याचा आवाज. आणि मग, अगदी कानाशी,

"विश्रामबाग."

जयराज बोलला नाही. मान हलवली नाही. पण डोळ्याची पापणी माणसाच्या हातात नसते.

माणूस हसला.

"गल्ली?"

गप्प.

"घर?"

पाणी हनुवटीला. ओठांना. त्याला पाठीमागच्या मूर्तीची आठवण झाली, धावा करावा असं वाटलं. पण धावा करायला तोंड उघडायला लागतं. आणि तोंड उघडलं असतं तर धाव्याच्या आधी गल्ली बाहेर पडली असती, हे त्याला पक्कं कळत होतं. समोर काठावर पाच दिवे होते. त्यानं नजर त्यांच्यावर रोवली. जीभ दातांत धरली. आणि चावली.

तोंड गरम रक्तानं भरलं. त्याच वेळी पलीकडं चर्चची घंटा वाजायला लागली.

"ऱ्हाऊ दे," माणूस म्हणाला. "घरं किती असत्याल? येकेक दार बघीन."

दार उघडलं. तो उतरला. कुरणवाडीकडं नाही. सांगलीच्या बाजूला चालू लागला.

जयराज मागं वळला तेव्हा पूल मोकळा होता. कोरडा. किल्ली न फिरवता इंजिन चालू होतं.

चर्चच्या मांडवात माणसं उभी होती. गाडी बघून पोरं धावली, ताडपत्री सोडली, मूर्ती उचलली. जयराज केबिनमधून उतरेना. त्यानं काकूंना फोन लावला. काकूंकडं घरचा जुना फोन, कुणाचा आलाय ते दिसत नाही. त्यांनी उचलला. पण जयराजच्या तोंडातून रक्त आणि घोगरा आवाज, शब्द काही निघेना. "कोण मेला चावटपणा करतोय," म्हणून काकूंनी फोन ठेवला. पुन्हा लावला. उचलला नाही.

घंटेचा दोर सोडून धोंडुबाई गाडीपाशी आली. चर्च झाडणारी, घंटा वाजवणारी म्हातारी. मार्कसची आई.

तिनं जयराजचं तोंड बघितलं. शेजारच्या सीटवर हात फिरवला. सीट निथळत होती. तिनं हात नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली.

"माझा आलाय," ती म्हणाली.

जयराजनं मान डोलावली.

"तिकडं गेला?"

पुन्हा मान.

"तुला ठाव हाय, माझी नात कुटं हाय ते. इतकी वर्सं तुझ्या तोंडाकडं बघती, पर इचारलं न्हाई. आताबी सांगू नगं." ती वर चढून त्या ओल्या सीटवर बसली. पदर पुढं ओढून तोंडावर घेतला. "मी डोळं झाकून बसती. रस्ता बघायचा न्हाई मला. फिरव गाडी."

जयराजनं गाडी फिरवली. त्या पुलावर तो पुन्हा गेला, पोरांनो. मी फौजेत होतो, धाडस कशाला म्हणतात ते मला माहीत आहे. मला जमलं नसतं.

सबंध वाट धोंडुबाई पदराआड जपमाळ ओढत होती. ओठ हलत होते. मधेच एकदा म्हणाली, "ल्हान असताना असा नव्हता त्यो."

विश्रामबागेत शिरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. काकूंच्या गल्लीत मात्र सगळ्या घरांचे दिवे लागलेले. माणसं बनियनवर, बायका गाऊनवर ओढणी घेऊन अंगणात उभ्या. कुत्री एका जागी गोळा होऊन गटारीकडं तोंड करून बसलेली, एकही भुंकत नव्हतं.

"आवं, बेल वाजवून पळतंय कोण तरी," एक गृहस्थ जयराजला सांगायला लागले. "सुरवातीपास्नं येकेक घर. आन् हे बघा काय केलंय."

त्यांच्या दारावर, बेलच्या शेजारी, गाळाचा पंजा उमटला होता. ओला. शेजारच्या दारावर तसाच. पुढच्या दारावर तसाच. मोबाईलच्या उजेडात गल्लीभर दारं दिसत होती, आणि एकेका दारावर एकेक पंजा.

"नळाला दोन दिवस पाणी न्हाई," ते गृहस्थ म्हणाले. "आन् ह्यो गाळ कुटनं?"

जयराज पळत काकूंच्या दाराशी गेला. त्यांच्याही बेलपाशी पंजा होता. एक नाही. वर, खाली, कडीवर, उंबऱ्यावर. सगळं दार बरबटलं होतं. पुढच्या घरांवर काहीच नव्हतं. तो इथवर आला होता, आणि त्याला घर सापडलं होतं.

जयराजनं दारावर धडका मारल्या. आत कुणी हालचाल करेना. हाक मारावी तर जीभ सुजून तोंडभर झालेली. मग गाडीतून आवाज आला. धोंडुबाई डोळे मिटूनच, सीटवर बसूनच ओरडली.

"रोझे... आजी हाय गं."

आतून रडण्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

काकू होत्या. त्यांच्या मागं अंजना, हातात पोळपाट धरून. आणि तिला चिकटून रोझी, आता आईएवढी झालेली. तिघी धडधाकट होत्या. जयराज उंबऱ्यावरच खाली बसला.

मायलेकी त्याच पहाटे तिथून निघाल्या. काकूंनी त्यांना नात्यातल्या कुणाकडं तरी पाठवलं, कर्नाटकात का कुठं. जाताना रोझी गाडीपाशी आली. धोंडुबाईनं डोळे उघडले नाहीत. नुसता हात पुढं करून नातीचं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, हनुवटी, आणि म्हणाली, "जा." आता त्या कुठं असतात ते जयराजला माहीत नाही. त्यानंच विचारलं नाही. धोंडुबाई अजून घंटा वाजवते. मघाशी वाजली ती तिनंच वाजवली.

पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच.

त्या रात्री काकूंनी जयराजला चहा दिला आणि घडलं ते सांगितलं. बेल वाजली तेव्हा रोझी अभ्यास करत जागी होती. बाहेरून आवाज आला, "रोझे, दार उघड. बा हाय." पोरगी घाबरली, पण बापाचा आवाज तो. अंगात आल्यासारखी उठली. आई आणि काकू धावत येईपर्यंत तिनं कडी काढलीसुद्धा होती. दार आत उघडणारं. ती दोन्ही हातांनी ओढत होती. बाहेरून तो ढकलत होता. दार कुरकुरलं, वाकलं. पण तसूभर उघडलं नाही. किती तरी वेळ. मग बाहेरचा जोर गेला. पावलं गल्लीच्या टोकाला, नदीकडच्या अंगाला, निघून गेली. तेव्हा अंजनानं कडी पुन्हा घातली.

"दार फुगलं असंल," जयराजनं खुणेनं विचारलं.

काकूंनी नाही अशी मान हलवली. उठल्या. बाहेरचा दिवा मालवला, आतला लावला आणि दार पुढं लोटलं.

दाराच्या आतल्या अंगाला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, दोन पंजे होते. शेजारी शेजारी. गाळाचे. म्हाताऱ्या माणसाची काटकुळी बोटं फाकलेली, तळवे जोरानं दाबलेले, कुणीतरी आत उभं राहून सगळ्या अंगाचा भार देऊन दार रेटून धरावं तसे. त्यातून पाणी ओघळत होतं. अजून.

खाली फरशी कोरडी होती.